अभिषेकी, जितेंद्र
(२१ सप्टेंबर १९२९ – ७ नोव्हेंबर १९९८). मराठी संगीत नाटकाला नवे चैतन्य देणारे संगीतकार व शास्त्रीय गायक. जन्म गोव्यातील मंगेशी येथे. पहिले धडे कीर्तनकार वडिलांकडून; पुढे जगन्नाथबुवा पुरोहित व अझमत हुसेन खाँ यांची तालीम. मुंबई आकाशवाणीवर काही काळ नोकरी. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या नाटकापासून नाट्यसंगीतात नवे पर्व सुरू झाले. बंदिशीचे ओझे उतरवून त्यांनी पदे आटोपशीर, प्रसंगाला धरून बांधली. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) ही त्यांची सर्वांत समर्थ निर्मिती. त्यात दोन गायकी परस्परांसमोर उभ्या राहतात. म्हणून चालींतच नाट्य आहे. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, तर त्यातील गायक खाँसाहेबांची भूमिका रंगवणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. विदर्भाचा या नाटकावर असा थेट हक्क आहे. पद्मश्री १९८८.