खोट्या दागिन्याची मागची बाजू

सोन्याच्या दागिन्याचे मोल ठरवताना कस आणि वजन यांवर बरेचसे काम भागते. परंतु हलक्या मिश्रधातूवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन त्यात काचेचे खडे बसवलेल्या, ‘कॉस्च्यूम ज्वेलरी’ किंवा ढोबळपणे ‘खोटे दागिने’ म्हणवल्या जाणाऱ्या अलंकारांना हा हिशेब लागू पडत नाही, कारण ते आटवले तर हाती मोलाचे काहीच लागत नाही. असा दागिना कोणी, केव्हा आणि किती कौशल्याने घडवला यावरच त्याची किंमत ठरते, आणि त्याची उत्तरे बहुधा दर्शनी बाजूपेक्षा मागच्या बाजूला सापडतात. विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकी दागिने हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

या व्यवसायाचे मोठे केंद्र ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स हे होते. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुलाम्याच्या दागिन्यांचे काम रुजले आणि पुढे ‘कोरो’सारखे प्रचंड कारखाने उभे राहिले. खडे मात्र मुख्यतः युरोपातून, म्हणजे बोहेमियातील याब्लोनेत्सच्या परिसरातून आणि ऑस्ट्रियातील वाटेन्स येथून येत. त्याच बोहेमियात जन्मलेल्या डॅनियल स्वारोव्स्की याने 1892 मध्ये खड्यांना पैलू पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1895 मध्ये वाटेन्सला कारखाना थाटला. अशा खड्याच्या पाठीला चकाकीसाठी धातूचा पातळ वर्ख असतो. कोंदणात ओल शिरली की तो काळवंडतो, खडा ‘मरतो’ आणि दागिन्याची किंमत घसरते. धातूवर हिरवट जंगाल चढले असेल, तर ती आणखी उतरते.

कालनिर्णयाची सर्वांत भक्कम खूण युद्धाने दिली. 1942 मध्ये अमेरिकेत कथिलासारख्या धातूंच्या नागरी वापरावर निर्बंध आले, तेव्हा कारागिरांनी नेहमीचा मिश्रधातू सोडून चांदी वापरली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा दिला. त्यामुळे ‘स्टर्लिंग’ ही अक्षरे उमटवलेले अमेरिकी कारखान्यांचे अनेक ब्रोच त्या काही वर्षांतले ठरतात. ‘ट्रायफारी’ या कंपनीचे मुकुटाच्या आकाराचे प्रसिद्ध ब्रोच याच काळातले असून, ते आधी खऱ्या रत्नांच्या अलंकारांची रेखाटने करणाऱ्या आल्फ्रेड फिलिप याच्या हातचे आहेत. 1980 च्या दशकात हेच नमुने साध्या धातूत पुन्हा काढले गेले, आणि समोरून दोन्ही जवळपास सारखे दिसत असल्यामुळे मागचा शिक्का न पाहता लावलेला भाव फसवा ठरतो.

दुसरी खूण कायद्याची. आरंभी नमुन्याचे संरक्षण पेटंटने होई, त्यामुळे ब्रोचच्या पाठीवर आढळणाऱ्या पेटंट-क्रमांकावरून वर्ष शोधता येते. पण ती प्रक्रिया संथ आणि फॅशन चंचल, म्हणून नक्कल करणाऱ्यांचे फावत असे. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ट्रायफारीच्या दाव्यात असे दागिने कलाकृती म्हणून स्वामित्वहक्कास पात्र असल्याचे मान्य केले, आणि त्यानंतर वर्तुळातले ‘सी’ हे चिन्ह कंपनीच्या नावाशेजारी सर्रास दिसू लागले. त्याच सुमारास खड्यांवर धातूचा सूक्ष्म थर देऊन इंद्रधनुषी छटा आणणारा ‘ऑरोरा बोरिअॅलिस’ हा प्रकार स्वारोव्स्कीने बाजारात आणला. अशा खड्यांचा ब्रोच, खडे नंतर बदललेले नसतील तर, त्याआधीचा असू शकत नाही.

शिक्क्यावर सर्व भिस्त ठेवणे मात्र अन्यायाचे आहे. न्यूयॉर्कच्या मिरियम हॅस्केल हिच्या व्यवसायात 1926 पासून निघालेले सुरुवातीचे दागिने बहुतांशी निनावी आहेत. त्यांची ओळख पटते ती हातकामावरून. जाळीदार पत्र्याच्या छिद्रांतून तार ओवून एकेक मणी व मोती हाताने बांधलेला असतो, आणि तारेची टोके झाकण्यासाठी मागे दुसरा जाळीदार पत्रा बसवलेला असतो. हे काम गोंदाने चिकटवलेल्या मण्यांच्या नकलेपासून वेगळे ओळखण्यास शिक्क्याची गरज नाही. भिंगाखाली तारेचे वेढे पाहणे पुरेसे होते.