रुंद पडद्याच्या भिंगाची गोष्ट

चित्रपटगृहांतला रुंद पडदा आज इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो मुळांत असा नव्हता, याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. मूकपटांच्या काळीं चित्राची रुंदी आणि उंची चारास तीन या प्रमाणांत असे. फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची. तिच्यावर अधिक रुंद चित्र घ्यावयाचें तर उंची कापावी लागे, नाहीं तर अधिक रुंद व महाग फिल्म वापरावी लागे. या अडचणींतून वाट काढली ती एका भिंगानें. त्यास अ‍ॅनामॉर्फिक भिंग म्हणतात.

त्याची युक्ति सांगावयास सोपी आहे. साधें भिंग दृश्य सर्व बाजूंनीं सारखेंच लहान करतें. हें भिंग रुंदीच तेवढी अधिक आवळतें. त्यामुळें फिल्मवर वाटोळें ताट उभ्या अंड्यासारखें उमटतें आणि माणसें काडीसारखीं दिसतात. चित्रपट दाखवितांना यंत्रावर उलट गुणाचें भिंग बसविलें कीं ताट पुन्हां वाटोळें होतें, माणसें माणसांसारखीं दिसतात, आणि पडदा मात्र जवळजवळ दुप्पट भरतो. फिल्म तीच, कॅमेरा तोच.

ही युक्ति चित्रपटाच्या कामीं आणणारे आंरी क्रेतियां हे पॅरिस येथें १८७९ सालीं जन्मले. त्यांचा मूळ व्यासंग आकाशाचा. अमेरिकन कारागीर जॉर्ज रिची यांच्यासह त्यांनीं दुर्बिणीची एक नवी रचना सिद्ध केली. १९९० सालीं अवकाशांत सोडलेली हबल दुर्बीण त्याच रचनेची आहे. १९२६ सालीं त्यांनीं आपल्या चित्रपटाच्या भिंगाच्या पेटंटासाठीं अर्ज केला व त्यास ‘हायपरगोनार’ असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं आबेल गांस यांचा ‘नेपोलियन’ हा मूकपट पॅरिसमध्यें झळकला. त्याच्या अखेरीस रुंद दृश्य दाखविण्याकरितां तीन पडदे शेजारीं शेजारीं लावावे लागले. तीन यंत्रांचें काम क्रेतियां यांचें एक भिंग करूं पाहत होतें.

त्या भिंगाचा पहिला उपयोग कोणा मोठ्या कंपनीनें केला नाहीं. क्लोद ओतां-लारा या अवघ्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या तरुणानें १९२८-२९ च्या सुमारास त्यावर एक लघुपट घेतला. कथा जॅक लंडन यांची. बर्फाळ ओसाड प्रदेशांत एकटा निघालेला प्रवासी जीव वांचविण्यासाठीं शेकोटी पेटवूं पाहतो, एवढाच तिचा विषय. पण ती पसरलेली पांढरी पोकळी आणि तींत हरवलेला माणूस दाखविण्यास हेंच भिंग हवें होतें. १९३० च्या डिसेंबरांत तो पॅरिसमध्यें दाखविला गेला. तोंवर बोलपट आले होते. ध्वनियंत्रांवर खर्च करून बसलेल्या चित्रगृहचालकांना एका मूक लघुपटासाठीं नवी भिंगें नको होतीं. तो मागें पडला. त्याची संपूर्ण प्रतहि आज उपलब्ध नाहीं.

मग वीस-बावीस वर्षें हें भिंग अडगळींतच राहिलें. १९५२ सालीं अमेरिकेंत घरोघरीं दूरचित्रवाणी पोहोंचूं लागली व चित्रगृहें ओस पडूं लागलीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें तीन यंत्रांच्या ‘सिनेरामा’नें गर्दी खेंचली. तेव्हां ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्सचे स्पायरोस स्कूरास यांना स्वस्त उपायाची निकड भासली, आणि त्यांनीं फ्रान्सला जाऊन क्रेतियां यांना गांठलें. १९५३ च्या सप्टेंबरांत ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट प्रदर्शित झाला. १९५४ सालीं अमेरिकन अकॅडमीनें क्रेतियां यांचा व फॉक्सच्या तंत्रज्ञांचा गौरव केला. प्रारंभीच्या भिंगांत एक खोड होती: जवळून घेतलेले चेहरे रुंदावत. धंद्यांतल्या मंडळींनीं त्या दोषाला ‘गालगुंड’ असेंच नांव ठेविलें. तो दोष पॅनाव्हिजन कंपनीनें दूर केला; परंतु तिचीं भिंगें विकत मिळत नसत, भाड्यानें घ्यावीं लागत. लहान निर्मात्याला तें दार बंदच होतें.

भारतांत या भिंगाचा पहिला मान गुरुदत्त यांच्या १९५९ सालच्या ‘कागज के फूल’ या चित्रपटाला मिळाला. व्ही. के. मूर्ती यांनीं त्याचें चित्रण केलें. मोकळ्या कलागृहांत आरशांनीं वळवून आणलेला सूर्यप्रकाशाचा झोत आणि त्याच्या दोन बाजूंस उभी असलेलीं दोन माणसें, हें त्यांतील दृश्य रसिक अद्याप विसरलेले नाहींत. मूर्ती यांना पारितोषिक मिळालें. चित्रपट मात्र पडला, आणि गुरुदत्त यांनीं त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपलें नांव कोणत्याहि चित्रपटाला लाविलें नाहीं.

यानंतरचा इतिहास हौशी मंडळींच्या खटपटीचा आहे. चित्रगृहांतून बाद झालेलीं प्रक्षेपणाचीं भिंगें ते मिळवीत, आपल्या कॅमेऱ्यापुढें बसवीत, आणि दोन भिंगांचा फोकस वेगवेगळा जुळवितां जुळवितां घामाघूम होत. २०२० सालीं सिरुई या चिनी कंपनीनें लोकांकडून आगाऊ पैसे जमवून ५० मिलिमीटरचें एक भिंग काढलें. किंमत सातशे डॉलरांच्या आंत. तें रुंदी दुपटीनें नव्हे, १.३३ पटीनेंच आवळतें. आजच्या कॅमेऱ्याचें चित्र मुळांतच १.७८ पट रुंद असतें; त्यास १.३३ नें गुणिलें कीं २.३७, म्हणजे जवळजवळ सिनेमास्कोपचेंच प्रमाण येतें. आवळलेलें चित्र संगणक मोकळें करतो; उलट्या भिंगाची गरजच उरली नाहीं. दिव्याभोंवतीं उमटणारी निळी आडवी रेघहि त्यांत मिळते. कमी आवळण्यामुळें जुन्या भिंगांची लंबगोल धूसरता मात्र तितकी येत नाहीं. स्वस्ताईची ही किंमत समजावी.

असें हें भिंग ज्याच्या हातीं प्रथम पडलें, त्या स्वतंत्र लहान निर्मात्याच्या हातीं नव्वद वर्षांनीं परत आलें. परंतु ओतां-लारा यांचा लघुपट भिंगावांचून अडला नव्हता. तो अडला चित्रगृहावांचून. ती अडचण अद्याप सरलेली नाहीं. भिंग स्वस्त झालें, पडदा झाला नाहीं. लहान निर्मात्याचें रुंद चित्र पुष्कळदां तळहातावरच्या दूरध्वनींत अरुंद पट्टीसारखें पाहिलें जातें, आणि ज्या पोकळीसाठीं त्यानें हें भिंग घेतलें, ती पोकळी दोन बोटांत मावून जाते. गांवोगांवच्या चित्रपट-मंडळांनीं आणि शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांनीं अशा चित्रपटांना महिन्यांतून एक संध्याकाळ जरी दिली, तरी या भिंगाचें राहिलेलें अर्धें काम पुरें होईल.