चेताराच्या पिंपातला खार

सालेर्नोहून अमाल्फीकडे जाणारी बस कड्याच्या कडेकडेने वळणं घेत चेताराला थांबते, तेव्हा फार थोडे प्रवासी उतरतात. बाकीच्यांना पुढचं अमाल्फी, पोझितानो गाठायचं असतं. चेतारात बघण्यासारखं म्हणाल तर समुद्रात घुसलेला एक बुरूज, रंगीत कौलांच्या घुमटाचं संत पेत्रोचं चर्च आणि बंदरात लागलेल्या होड्या. पण या गावाचा खरा इतिहास तळघरांतल्या लाकडी पिंपांत आहे. त्या पिंपांतून थेंबथेंब गळणाऱ्या पिंगट द्रवाला तिथे ‘कोलातुरा दी अलिची’ म्हणतात. अलिची हा आपल्या मांदेलीच्या कुळातला बोटभर लांबीचा मासा. कोलातुरा म्हणजे त्याचा खार.

मार्च अखेरपासून जुलैपर्यंत सालेर्नोच्या आखातात रात्री दिव्याच्या उजेडावर अलिची पकडतात. मासा किनाऱ्यावर आला की लगेच त्याचं डोकं हातानेच मोडून ओढतात आणि त्याबरोबर आतडीही बाहेर येतात. एक दिवस मिठात ठेवून मग ‘तेर्त्सीन्यो’ नावाच्या लहान पिंपात भरणी सुरू होते. मिठाचा थर, माशांचा थर, पुन्हा मीठ. एकाचं डोक्याकडचं टोक दुसऱ्याच्या शेपटीशी, अशी मांडणी इतकी घट्ट असते की मध्ये बोट शिरत नाही. वर लाकडी झाकण आणि झाकणावर समुद्रकाठचे गोटे. लोणचं दडपून ठेवावं तसं.

वजनाने मासा पाणी सोडतो. ते गोळा करून काचेच्या भांड्यांत उन्हात ठेवायचं, म्हणजे पाणी उडून खार दाट होतो. शरद ऋतूत तोच खार पुन्हा पिंपात वरून ओततात. थराथरांतून झिरपत, प्रत्येक माशाचा अर्क घेत तो तळाशी येतो आणि पिंपाला पाडलेल्या भोकातून हळूहळू बाहेर पडतो. डिसेंबर उजाडता उजाडता तो बाटल्यांत भरला जातो. इतके महिने मासा सडत नाही, कारण इतक्या मिठात सडवणारे जंतू तग धरत नाहीत. पण माशाच्या अंगचे पाचकरस आपलं काम करत राहतात आणि मांसातली प्रथिनं विरघळवतात. थेंबभर कोलातुरानेही जिभेवर जी भरगच्च चव येते, ती तिथून.

आता याची कुळी. पुष्कळजण ती सरळ रोमन काळाला नेऊन भिडवतात आणि त्याला कारणही आहे. लात्तारी डोंगर ओलांडला की पलीकडे पोम्पेई. तिथला आउलुस उम्ब्रिकिउस स्काउरुस हा माशांच्या खाराचाच, म्हणजे ‘गारुम’चा, व्यापारी होता. त्या धंद्याचा त्याला इतका अभिमान, की घराच्या चौकातल्या फरशीवर त्याने देवदेवता नव्हे तर गारुमच्या सुरया खड्यांनी जडवून घेतल्या आणि त्यांवर आपल्या मालाची जाहिरातही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीने हे शहर गाडलं, तेव्हा एका गारुमच्या दुकानातले रांजण माशांच्या काट्यांसकट तसेच राहिले. रोमन लेखक प्लिनीने नोंदवलंय की उत्तम गारुमच्या साधारण साडेसहा लिटरांना हजार सेस्टर्स मोजावे लागत. हा माल आपल्याकडेही पोचला होता: पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूच्या उत्खननात गारुमच्या कुंभांची खापरं मिळाली आहेत.

तरीही गारुम आणि कोलातुरा एकच, असं म्हणायला माझं मन धजत नाही. गारुमचा प्राण आतड्यांत होता. प्लिनीच म्हणतो की एरवी फेकून द्यायचा भाग मिठात मुरवून तो करत. चेतारात आतडी आधी काढून टाकतात. तिथे मूळ हेतू मासा टिकवण्याचा. खार हा त्याच्या पाठोपाठ आलेला लाभ. शिवाय रोमन साम्राज्य मोडल्यावर इटलीत बऱ्याच ठिकाणी ही चव विसरली गेली. दहाव्या शतकात क्रेमोनाचा बिशप लिउतप्रांद कॉन्स्टँटिनोपलला वकील म्हणून गेला, तेव्हा सम्राटाच्या ताटातल्या माशाच्या खाराला त्याने अक्षरशः नावं ठेवली.

पण त्याच काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये अमाल्फीच्या व्यापाऱ्यांची स्वतःची वस्ती होती. ज्या चवीने उत्तरेच्या बिशपाने नाक मुरडलं, ती या दर्यावर्दी लोकांच्या रोजच्या ओळखीची असणार. गावात कथा सांगतात ती वेगळी: तेराव्या शतकात अमाल्फीजवळच्या मठातले सिस्टर्शियन साधू जुन्या, फटी पडलेल्या पिंपांत मासे खारवत; फटींतून गळालेला खार त्यांनी भाजीवर घालून पाहिला. मला दोन्ही गोष्टी एकत्र नांदताना दिसतात. पिंप कुठेही गळेल. गळालेलं चाखून बघावं हे सुचायला मात्र त्या किनाऱ्याला ती चव आधीपासून ठाऊक हवी.

पुढची शतकं हा खार घरचाच राहिला. कोळ्यांच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री मांस वर्ज्य असतं. त्या रात्रीची स्पगेटी बिनमिठाच्या पाण्यात उकडायची, लसूण, ऑलिव्ह तेल, पार्स्ली आणि चमचा-दोन चमचे कोलातुरा कच्चाच घालून कालवायची. बाजारात नाव पुष्कळ उशिरा झालं. २०२० मध्ये युरोपीय संघाने त्याला मूळस्थानाचं संरक्षण दिलं.

पोम्पेई बघायला गेलात तर एक दिवस जास्तीचा काढून चेतारा गाठा. बाटली घेताना घटक वाचा, अलिची आणि मीठ याखेरीज तिसरं काही असलं तर ठेवून द्या. आणि घरी आणल्यावर ती कढईत ओतू नका. गॅस बंद केल्यावरच घाला.