पैसे गेले का?

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाचीने भाजीवाल्याला फोनवरून पैसे पाठवले आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय.. "मामा, गेले का रे पैसे? परत पाठवू?" मी जवळजवळ ओरडलोच, "थांब, परत दाबू नकोस!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, या ओरडण्यामागची गोष्ट एकदा लिहूनच टाकावी.

गोष्ट आहे टँडमची. १९७४ साली जिमी ट्रेबिग आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. यंत्राचं नावच 'नॉनस्टॉप'. पहिलं यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेकडे गेलं. आत अनेक प्रोसेसर, प्रत्येकाची मेमरी वेगळी. एकमेकांशी बोलायचं ते फक्त निरोप पाठवून. एक बंद पडला की दुसरा त्याचं काम उचलतो. बँका आणि शेअर बाजारांना नेमकं हेच हवं होतं. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारात आलेली 'बोल्ट'ही टँडमवरच चालायची.

प्रोग्रामही याच पद्धतीने लिहायचे. 'पाथवे' नावाच्या व्यवस्थेत दोन भाग असत. टर्मिनलचा पडदा सांभाळणारा रिक्वेस्टर, आणि खात्यातली रक्कम प्रत्यक्ष बदलणारा सर्व्हर. सर्व्हरला पडद्याचा पत्ताच नसे. निरोप आला, काम केलं, उत्तर दिलं, विषय संपला.

१९९० नंतर विंडोजवाले पीसी आले आणि सगळ्यांना माउस हवासा झाला. टँडमने 'रिमोट सर्व्हर कॉल' दिला. पीसीवरच्या प्रोग्रामने निरोप पाठवायचा आणि टँडमवरच्या एका मध्यस्थाने तो सर्व्हरपर्यंत पोचवायचा. जुन्या सर्व्हरना हात लावायची गरजच नाही!

१९९६ साली मी एका बँकेसाठी असंच काम करत होतो. पहिल्या दिवशी पीसीने पाठवलेला १ टँडमवर २५६ म्हणून उतरला. दोन यंत्रं आकड्याचे बाइट उलट क्रमाने ठेवतात, म्हणून. ते दुरुस्त केलं, हसलो, नवे रंगीत पडदे शाखेत लावले.

महिन्याभरात एक निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन आले. काढले होते पाचशे, वजा झाले हजार.

झालं होतं असं. सर्व्हरने पैसे वजा केले, पण उत्तर वाटेत असताना लाइन तुटली. पीसीला वाटलं, काही झालंच नाही. कॅशियर बाईंनी बटण पुन्हा दाबलं. जुन्या व्यवस्थेत हे सहसा होत नसे, कारण पडदा सांभाळणारा प्रोग्रामही टँडमच्या आतच राहायचा. त्याला जोडीदार होता, व्यवहार पूर्ण झाला की नाही हे त्याला कळायचं. आम्ही पडदा बाहेर, टेबलावर आणला आणि ते संरक्षण आतच राहिलं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

उपाय साधाच होता. पीसीने प्रत्येक व्यवहाराला आधी एक क्रमांक द्यायचा, तो डिस्कवर लिहायचा आणि मगच निरोप पाठवायचा. उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक पुन्हा पाठवायचा. सर्व्हरने पैसे वजा करताना त्याच व्यवहारात क्रमांकही नोंदवायचा. ओळखीचा क्रमांक दिसला तर पैशांना हात न लावता जुनंच उत्तर परत द्यायचं. म्हणजे ज्या सर्व्हरना हात लावायचा नव्हता, त्यांनाच शेवटी लावावा लागला.

शिक्षकांचे पैसे परत मिळाले. मेमो मात्र मिळाला कॅशियर बाईंना, 'निष्काळजीपणे बटण दोनदा दाबल्याबद्दल'. मी त्याच खोलीत होतो. चूक पडद्याची नाही, आमच्या निरोपांची आहे, हे मला तोवर पक्कं ठाऊक होतं. बोललो नाही. पंचविशीत होतो, नोकरी नवी होती.. ही सगळी कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

टँडम १९९७ मध्ये कॉम्पॅककडे गेली, २००२ मध्ये एचपीकडे. त्या बाई कुठे असतील, माहीत नाही.

असो. भाचीला म्हटलं, आधी खात्यात बघ. पैसे गेले होते. भाजीवाल्याच्या फोनवर मात्र अजून काहीच आलं नव्हतं, पण तो म्हणाला, "न्या हो ताई भाजी, येतील."