न खोकणाऱ्यांचा टीबी

नागपुरात ऑटोवाल्याला ‘टीबी वॉर्ड’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. तिथं आता सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, पण पत्ता जुनाच चालतो. माझी सगळी प्रॅक्टिस याच पट्ट्यात गेली. इथं टीबी म्हणजे खोकणारा, खंगलेला, वेगळी ताटवाटी दिलेला माणूस. त्याच घरातल्या न खोकणाऱ्यांच्या छातीत जंतू झोपलेला असू शकतो, हे सरकारी कागदावर फार उशिरा आलं.

खरं तर असा झोपलेला जंतू ओळखणारी मॅन्टू चाचणी १९०८पासून आहे. हाताच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचायचं, ४८ ते ७२ तासांनी आलेली गाठ पट्टीनं मोजायची. (लाली मोजायची नाही, हे शिकाऊ डॉक्टरांना अजून ओरडून सांगावं लागतं.) १९५२ साली टीबीवर आयसोनियाझिड आलं आणि त्याच दशकात जॉर्ज कॉमस्टॉक यांनी अलास्कातल्या गावांत ते धडधाकट माणसांनाही देऊन पाहिलं. टीबी निम्म्याहून अधिक घटला.

आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९६२चा. पैसा तोकडा, रुग्ण अफाट. तेव्हा थुंकीत जंतू सापडेल तो आधी, हे बरोबरच होतं. पण गरजेपोटी लावलेला तो क्रम पुढं सवयीचा झाला. रुग्णाच्या घरातली लहान पोरं तेवढी आयसोनियाझिडच्या हिशेबात धरत, तीही बरेचदा कागदावरच.

मग शेजारच्या सेवाग्रामनं आकडा समोर ठेवला. तिथल्या वैद्यकीय संस्थेत मधुकर पै, एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी ७२६ आरोग्यकर्मी आणि विद्यार्थी मॅन्टूनं आणि रक्ताच्या नव्या चाचणीनं तपासले. २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. दोहोंपैकी एका तरी चाचणीत निम्मे जण बाधित निघाले. सगळे कामावर, हिंडतेफिरते. बीसीजी लसीमुळे मॅन्टू फसते, ही आम्हा डॉक्टरांची आवडती सबब. पण रक्ताची चाचणी बीसीजीनं फसत नाही, तरी दोन्ही चाचण्यांचे आकडे ४१ आणि ४० टक्के आले!

म्हणून काही निम्म्या जिल्ह्याला गोळ्या द्यायच्या नसतात. बाधितांपैकी शंभरात पाच-दहा जणांनाच पुढं टीबी होतो, त्यातही बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांत. तेव्हा ताजी बाधा शोधायला रुग्णाच्या घरीच जायला हवं. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१च्या सूचनांनी घरातली मोठी माणसंही या गोळ्यांच्या हिशेबात घेतली. खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम विचारायचा, मोठ्यांचा एक्स-रे पाहायचा. आत खरा टीबी लपलेला असताना एकटं आयसोनियाझिड दिलं, तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. काही नसेल तर सहा महिने रोज आयसोनियाझिड, नाहीतर रिफापेंटिनसह आठवड्यातून एकदा, असे १२ डोस.

“बिमारीच नाही तं गोळ्या कायले खाऊ, डॉक्टरसाहेब?” बायकोला टीबी झालेला एक मिस्त्री विचारतो. रास्तच आहे. मी त्याला भीती घालत नाही; तिच्या शेजारी रात्री कोण झोपत होतं, ते विचारतो. आणि रिफापेंटिननं लघवी केशरी होईल, हेही आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पहिल्या डोसनंतरच पाकीट फळीवर जातं.