बीड रोडवरचा ट्रक : विमान पडतं तेव्हा बातमी काय सांगते

मंडळी, सकाळी इथं चहाच्या टपरीवर एकानं आम्हाला विचारलंच, "पालीत येऊन विमानांवर बोलणार? आपल्या जिल्ह्यात विमानतळ तरी कुठाय?" प्रश्न बरोबर आहे. विमानतळ नाही, पण रस्ता आहे. हाच रस्ता धरून बीड, गेवराई, पाचोड करत वर गेलं की आपण चिकलठाण्याजवळ पोचतो. देशातल्या एका मोठ्या विमान अपघाताच्या अहवालात 'बीड रोड' हे नाव छापलेलं आहे. म्हणून सुरुवात तिथून करू.

२६ एप्रिल १९९३. तीस वर्षं होऊन गेली. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालं होतं. दुपारी एकची वेळ, एप्रिलचं ऊन, विमानात ११८ माणसं. धावपट्टी संपत आली तरी विमान पुरेसं उचललं गेलं नव्हतं. पट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक त्या ट्रकला लागलं, पुढं ते विजेच्या तारांना धडकलं आणि खाली आलं. ५५ माणसं गेली.

आजही कुणाला विचारा, उत्तर एकच येतं : ट्रक आडवा आला. बातमी अशीच लोकांच्या डोक्यात बसते. पण ट्रक रस्त्यावरून चालला होता हो! रस्ता ट्रकसाठीच असतो. चौकशी झाली तेव्हा दोन कारणं नोंदली गेली. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक थांबवणं हे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचं काम होतं, ते झालं नाही. म्हणजे ज्याच्या नावानं हा अपघात लोकांनी लक्षात ठेवला, तो ट्रकवाला कारणांच्या यादीत नाही. 'आडवा आला' हे दोन शब्द पहिल्या दिवशीचे. ते तीस वर्षं टिकले, आणि अहवाल कपाटात राहिला.

आता तुम्ही म्हणाल, हे तर मोठं विमान. बरोबर. लहान विमानाचं गणित याहून अवघड आहे. मोठं विमान पडलं की मृतांचा आकडाच बातमी होतो. लहान विमानात माणसं दोन, चार, आठ. तिथं बातमीचा आकार आत कोण बसलं होतं यावर ठरतो.

३० सप्टेंबर २००१ घ्या. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. घराणं मूळचं आपल्या साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ त्यांचं लहान विमान पडलं. आठ जण गेले. त्या आठांत चार जण वृत्तपत्रांचे आणि वृत्तवाहिनीचे होते, सभेची बातमी द्यायला निघालेले. बातमी देणारेच बातमीत गेले, पण मथळ्यात नाव एकाचंच आलं. उरलेले सात 'अन्य' झाले. यात कुणाचा दुष्टपणा नाही, मथळ्याला जागाच तेवढी असते. पण इतिहास लिहिताना पुढची माणसं तो मथळाच उचलतात, तिथं घोटाळा होतो.

याच्याही आधीचं एक आहे. १९ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानशी युद्ध चालू. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचं बीचक्राफ्ट विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानानं पाडलं. आतले आठही जण गेले. त्यांतही एक बातमीदार होता. विमान चालवत होते जहांगीर इंजिनिअर, हवाई दलाचे प्रमुख राहिलेल्या अस्पी इंजिनिअर यांचे भाऊ. या घटनेला पुढं जो धागा जुळला तो ४६ वर्षांनी. ज्यानं गोळ्या झाडल्या त्या वैमानिकानं, कैस हुसेन यांनी, २०११ साली इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख कळवलं, आणि तिनंही उत्तर दिलं. पहिल्या दिवशीच्या बातमीत हे कुठून येणार?

मुंबईकडं या. २८ जून २०१८, घाटकोपर. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं बारा आसनीसुद्धा नसलेलं किंग एअर विमान भर दुपारी दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळलं. पहिल्या काही मिनिटांत टीव्हीवर काय झळकलं? 'उत्तर प्रदेश सरकारचं विमान कोसळलं.' शेपटीवरची नोंदणी-अक्षरं बघून कुणीतरी निष्कर्ष काढला. त्या सरकारनं लगेच सांगितलं की हे विमान आम्ही केव्हाच विकलं आहे. ते २०१४ सालीच एका खासगी कंपनीकडं गेलं होतं. अक्षरं खरी होती, बातमी चुकीची. संध्याकाळपर्यंत दुसरी गोष्ट तयार झाली : वैमानिकानं मोकळी जागा गाठून शेकडो जीव वाचवले. ऐकायला बरं वाटतं, घरच्यांनाही आधार होतो, आम्ही त्यावर हसणार नाही. पण पुढं तपासात आलं ते वेगळं होतं : ढगाळ पावसाळी हवेत घेतलेली चाचणी आणि 'स्टॉल', म्हणजे पंखांना हवेचा उचल मिळेनासा होणं. विमानातले चार गेले आणि रस्त्यावरचा एक मजूर. 'विमानातील चौघांसह पाच' असं वाक्य होतं. तो पाचवा वाक्याच्या शेवटी.

शिकाऊ विमानांची तर बातमी पान आठवर. २०१७ साली, पुन्हा २६ एप्रिललाच, गोंदियाहून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या दोराला अडकून पडलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेली. आकाशातलं विमान, पण कारण जमिनीवरचं. चिकलठाण्याला रस्ता, इथं नदीवरचा दोर. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात बारामतीचं एक छोटं सेसना पडलं. शिकाऊ वैमानिक मुलगी वाचली. तिचे व्हिडिओ तासाभरात सगळीकडं. अशा विमानांत बहुतेक वेळा ब्लॅक बॉक्स नसतो, त्यामुळं अवशेष जसे पडले तसे राहणं फार महत्त्वाचं. आपल्याकडं गर्दी आधी पोचते, पत्र्याचा तुकडा आठवण म्हणून घरीही नेते.

नियम काय आहे तेही सांगतो. आंतरराष्ट्रीय ठरावाप्रमाणं प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यायला हवा. आपल्याकडं २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र तपास विभाग आहे. तपासाचा हेतू पुन्हा तसं होऊ नये हा, दोषी ठरवणं हा नव्हे. बातमीला मात्र संध्याकाळपर्यंत दोषी लागतो. अहवाल येतो तेव्हा पेपरवाले दोन ओळी देतात, कारण तोवर दुसरं काही पडलेलं असतं. आम्ही स्वतः जुनी कात्रणं चाळतो तेव्हा हेच दिसतं : पहिल्या दिवसाचं जाड पाकीट, आणि अहवालाचं कात्रण सापडलंच तर बोटभर.

आता थांबतो. एक विनंती आहे. १९९३ मध्ये त्या दुपारी बीड रोडवरून जाणारं, किंवा कापसाच्या गाठींचे ट्रक चालवणारं कुणी इथं बसलं असेल, किंवा ज्यांच्या घरात तसं कुणी असेल, त्यांनी प्रश्नोत्तरं झाल्यावर जरा मागं थांबावं. आम्ही वही घेऊन बसलेलो आहोत.