पटेबाजीला भातखंडे भेटले नाहीत

6 ऑगस्ट 2021. टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये रियो कियुना मॅटवर एकटा उभा राहिला. समोर प्रतिस्पर्धी नव्हता, होते सात पंच. त्याने ‘ओहान दाई’ हा काता, म्हणजे कराटेतल्या हालचालींचा एकट्याने करायचा ठरलेला क्रम, सादर केला आणि 28.72 गुण घेतले. स्पेनचा दामियान किंतेरो 27.66 वर थांबला. ओकिनावाच्या माणसाने जिंकलेलं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक. पदक घेताना कियुनाच्या हातात दिवंगत आईचा फोटो होता. 2014, 2016 आणि 2018 ची जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर आधीच जमा होती. त्याचे गुरू त्सुगुओ साकुमोतो यांनीही 1984, 1986 आणि 1988 ला हेच विजेतेपद पटकावलं होतं.

मी लखनौत कराटे शिकवते. काता हा माझा खास विषय. वडील कोल्हापूरचे, रेल्वेच्या आर.डी.एस.ओ. या संस्थेतल्या नोकरीमुळे इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. कियुनाचा तो काता मी माझ्या मुलांना वरचेवर दाखवते. गुण कसे पडतात तेही सांगते: त्या वेळच्या नियमाने सत्तर टक्के तंत्राला, तीस टक्के शारीरिक क्षमतेला; सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन आकडे बाद. पण गुणांपेक्षा मला एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसवायची असते. हा काता इथवर पोचला, कारण कुणीतरी घराचं दार उघडलं.

कियुनाची शैली रयुएई-रयू. नाकाइमा नावाच्या घराण्याने ती पिढ्यान् पिढ्या घरातच जपली. बापाने मुलाला द्यायची, बाहेरच्याला दाखवायचीसुद्धा नाही. 1970 च्या सुमारास केंको नाकाइमांनी ती बाहेरच्यांना शिकवायला सुरुवात केली. साकुमोतो त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्या म्हाताऱ्या माणसाने मन मोठं केलं नसतं तर बुदोकानमध्ये ओहान दाई दिसलाच नसता.

त्याच्याही आधी एक मोठं दार उघडलं गेलं होतं. 1879 ला जपानने ओकिनावातलं र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं. दरबार गेला, दरबारी लढवय्यांचा मान गेला. आंको इतोसु हे तिथल्या राजाच्या सेवेतले. त्यांनी 1901 ला शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे सुरू केलं. मोठे, अवघड काता लहान मुलांना झेपणार नाहीत म्हणून पाच ‘पिनान’ काता बसवले. आजही जगभरची मुलं सुरुवातीला हे काता शिकतात, माझ्या वर्गातलीही. 1922 ला गिचिन फुनाकोशींनी टोकियोत प्रात्यक्षिक दिलं आणि त्याच वर्षी पुस्तकही काढलं. 1945 च्या लढाईत ओकिनावा बेचिराख झालं, कित्येक उस्ताद मेले. काता वाचले, कारण तोवर ते शेकडो अंगांत भिनले होते आणि कागदावरही उतरले होते.

आता लखनौकडे या. इथेही दरबार होता आणि इथेही तो गेला. 1775 ला आसफुद्दौलाने फैजाबादहून राजधानी इथे आणली, दिल्लीचे उस्ताद त्याआधीपासूनच अवधकडे येऊ लागले होते. फेब्रुवारी 1856 मध्ये इंग्रजांनी वाजिद अली शाहला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी बंड झालं आणि त्यानंतर शहर निःशस्त्र करण्यात आलं. 1878 च्या हत्यार कायद्याने उरलंसुरलं संपवलं. शस्त्र चालवणाऱ्याला पोसणारा धनी राहिला नाही, रस्त्यात मिशीला पीळ देत फिरणारे शस्त्रधारी बाँकेही राहिले नाहीत.

इथे काय काय होतं ते अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. शरर 1860 चे. त्यांच्या ‘दिलगुदाज’ मासिकातून ‘गुज़िश्ता लखनऊ’ क्रमशः आलं. त्यात पतंग, कबुतरं, पानदान, शेरवानी यांच्याबरोबर युद्धकलाही आहेत: लकडी, पटा, बाँक, बिनौट, बाना, बरछा, तिरंदाजी, कुस्ती आणि पाण्यात बुडी मारून खेळायची जल-बाँक. बाँक म्हणजे सुरीची विद्या. बिनौटवाला रुमालाच्या टोकाला नाणं बांधायचा आणि तेवढ्यावर समोरच्याच्या हातातलं हत्यार पाडायचा.

लकडी म्हणजे दांडक्याने खेळायची पटेबाजी. तिची दोन घराणी शररनी सांगितली आहेत. अली मद आणि रुस्तमखानी. अली मदमध्ये डावा पाय एका जागी रोवलेला, फक्त उजवा पुढे-मागे जातो. रुस्तमखानीत खेळाडू जागा मिळेल तसा चारी बाजूंना फिरतो. आणखी एक फरक त्यांनी नोंदवलाय, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अली मदचे उस्ताद शरीफ घराण्यांतल्या मुलांनाच शिकवायचे. रुस्तमखानी सर्वांना खुली होती.

हे वर्णन आम्ही करून पाहिलं. हॉलच्या फरशीवर खडूने एक वर्तुळ काढलं, मुलांनी डावा पाय त्यात ठेवला आणि हातात दांडके घेतले. उजवा पाय पुढे टाकला की कंबर आपोआप वळते, मागे घेतला की शरीर वाराच्या रेषेतून निसटतं. पाय रोवलेला असल्यामुळे पळता येत नाही, सगळं काम कंबर आणि मनगट करतं. काता शिकणाऱ्या मुलांना ते पटकन जमलं, कारण कात्यातही ताकद कंबरेतूनच येते. पण तिथेच आम्ही अडलो. पहिला वार कुठून? तो अडवल्यावर मनगट कुठे जातं? सलामी कशी? शरर पायांचं सांगतात, हातांचा क्रम सांगत नाहीत. ते साहित्यिक होते, लकडीचे उस्ताद नव्हते. त्यांनी दिलं तेवढ्यासाठीही आपण ऋणी आहोत. हातांचा क्रम उस्तादांच्या अंगात होता आणि बहुतेक त्यांच्याबरोबर कबरीत गेला.

मला वाईट वाटतं ते याचं, की याच शहरात याच काळात दुसऱ्या एका कलेच्या बाबतीत नेमकं उलट घडलं, आणि ते आपल्या मराठी माणसाने घडवलं. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील. घराण्यांच्या तिजोऱ्यांत बंद असलेल्या बंदिशी त्यांनी उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मराठीत छापली. 1926 ला लखनौत मॅरिस कॉलेज उभं राहिलं. राय उमानाथ बलींची मदत होती, नाव गव्हर्नर मॅरिसचं. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते प्राचार्य म्हणून वर्षानुवर्षं सांभाळलं. आज ते विद्यापीठ आहे, भातखंड्यांच्याच नावाचं, कैसरबागेत. दरबार गेला तरी ख्याल जगला. 1926 हेच शररांच्या निधनाचं वर्ष. म्हणजे लकडीची शेवटची आठवण लिहिणारा माणूस गेला त्याच वर्षी या शहरात गाण्याची शाळा उघडली. लकडीची शाळा कुणी काढली नाही.

आपण मराठी माणसं मात्र जरा शहाणपणाने वागलो. लहानपणी सुट्टीत कोल्हापूरला गेलं की आजोबा तालमीत मर्दानी खेळ बघायला न्यायचे. दांडपट्ट्याने जमिनीवरच्या लिंबाचे दोन तुकडे होताना मी डोळे विस्फारून बघितलेत. हे खेळ पेठेतल्या पोरांना शिकवले गेले म्हणून टिकले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. आणि त्याच वर्षापासून बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला घेतला. 1949 पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. चित्रांसकट, हातासकट, पायासकट. एखादा डाव विसरला तर तो खंड उघडून पुन्हा उभा करता येतो.

अवधमध्ये सगळंच संपलंय असं नाही. मोहरमच्या मिरवणुकीत आखाडे अजून लाठी आणि तलवार फिरवतात. त्यातले काही हात, म्हणजे डाव, जुने असणार, हे बघितल्यावर कळतं. वय झालेले खलिफा, म्हणजे आखाड्यांचे उस्ताद, आहेत; त्यांच्यासमोर बसणारी मुलं मात्र दरवर्षी कमी होतायत.

माझं म्हणणं साधं आहे. या खलिफांपुढे कॅमेरा लावा. प्रत्येक हात दोन बाजूंनी चित्रित करा, त्याचं नाव खलिफांच्याच तोंडून विचारून घ्या, पाय कुठे पडतो ते फरशीवर आखा. कात्याची नोंद आम्ही रोज अशीच करतो, ते काही अवघड नाही. मग त्यातले सोपे पाच-सहा हात निवडून इतोसुंसारखे शाळेत न्या. लखनौच्या सातवीतल्या मुलीला पिनान येतो, याचा मला अभिमान आहे. तिला अली मदही यायला हवा. तिच्या शहराची ती विद्या आहे आणि आता ती शरीफ घराण्यांपुरती ठेवण्याचं काहीच कारण उरलेलं नाही. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांनी या मोहरमपासून कामाला लागायचं ठरवलंय, आणि मी त्यांच्याबरोबर आहे.